कलमाची रायण

मी एकदा पंधरा-सोळा चिकूंची मुंडकी उडवली. भरदुपारी, सावलीत बसून, गाणं गुणगुणत. उडवून झाल्यावर हात धुतले, वेणीची रिबीन सारखी केली आणि ओळीने मांडलेल्या कुंड्यांकडे अशी बघत उभी राहिले, की एखादी सुगरणही आपल्या पुरणपोळ्यांकडे इतक्या कौतुकाने बघत नसेल. माझं वय तेव्हा अठरा होतं. अक्कल अजून यायची होती, पण ती आल्याची माझी पक्की समजूत होती.

आता ज्यांच्या घरी चिकू पिशवीतूनच येतो त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चिकू बी पेरून करत नाहीत. केला तर फळ यायला इतकी वर्षं जातात, की लावणारा तोवर भिंतीवरच्या फोटोत गेलेला असतो. म्हणून रायणीच्या रोपावर चिकूची फांदी जोडतात. रायण म्हणजे खिरणी, आमच्याकडच्या रानातलं चिवट झाड. उन्हाळ्यात तिची लहानलहान पिवळी फळं द्रोणातून विकायला येत. तर कुंडीतलं रायणीचं रोप मोठ्या चिकूच्या फांदीशेजारी मांडव घालून टेकवायचं, दोघांची थोडीथोडी साल तासायची, तासलेली अंगं एकमेकांना लावून केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीने, करकचून बांधायची आणि दोन-अडीच महिने पाणी घालत वाट बघायची. अंगं एकजीव झाली, की चिकूची फांदी गाठीच्या खाली कापून आईपासून, म्हणजे मोठ्या झाडापासून, तोडायची. आता कुंडीत बुंधा एक आणि डोकी दोन, एक रायणीचं आणि एक चिकूचं. थोडे दिवस सावलीत ठेवून मग रायणीचं डोकं छाटायचं. खाली मुळं रायणीची, वर झाड चिकूचं. झालं कलम.

मी चिकूचं छाटलं.

आमच्या नातवंडांना ही गोष्ट एवढ्यावरच संपवलेली आवडते. ती हसतात आणि खेळायला जातात. पण खरी गंमत तिथून पुढे आहे.

तेव्हा महाराष्ट्र नुकताच वेगळा झाला होता. उंबरगाव तिकडे गुजरातेत गेलं, तलासरी इकडे राहिली आणि आमचे अण्णा डहाणू रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जिथे होते तिथेच राहिले. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी दुसऱ्या खेपेला मॅट्रिक पास झाले होते. पहिल्या खेपेबद्दल घरात कोणी बोलत नसे आणि मी तर बोलतच नसे. आईने माझ्यासाठी शिवणक्लास ठरवला होता. तिथे उशीच्या अभ्र्यांवर पोपट भरायला शिकवायचे. माझा पोपट भरून झाला, की लोक विचारायचे, "कोंबडी छान आलीये, पण चोच अशी का?"

चिकूच्या मोसमात अण्णांच्या ऑफिसात नरपडच्या एक काकी भांडायला येत. करंड्या वेळेवर चढल्या नाहीत की भांडण, वेळेवर चढल्या तर मग आपटल्या का म्हणून भांडण. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची चिकूची वाडी होती आणि वाडीला लागून कलमांची नर्सरी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. जाड भिंगांचा चष्मा, बोटांना तपकिरीचा वास, आणि इतर बायांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो तिथे ह्यांच्या कमरेला कलमाचा चाकू. बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. त्यातलं कुठलंही अर्धं हळू आवाजात नाही.

एकदा मी अण्णांचा डबा घेऊन गेले असताना त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि अण्णांना विचारलं, "तुमची पोर? काय करते?"

"मॅट्रिक झाली. सध्या घरीच बसलीये."

"बसवून काय, अंडी घालणार आहे ती? माझ्याकडे पाठवा. हात बघू तुझे, दीकरी."

मी हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, जसे करंडीतले चिकू बघतात तसे. "नरम आहेत. पण चालेल, मातीने कडक होतात."

आईने दोन दिवस अबोला धरला. शेवटी तह असा झाला, की एक वर्ष मी नरपडला शिकाऊ म्हणून जायचं. तोंड पाडून परत आले, तर मुकाट्याने पोपट भरायचे. अण्णांना यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटतं, काकींचं अर्धं भांडण तरी आता माझ्या वाट्याला जाईल असा त्यांचा हिशोब असावा.

काकींच्या बोलावण्याची एक रीत होती, ती मला पहिल्या महिन्यातच कळली. कामापुरतं बोलायचं तेव्हा मी "दीकरी", म्हणजे लेक. खूश असल्या की "गधेडी". आणि खरोखर रागावल्या की "बेन", म्हणजे ताई. इतक्या अदबीने "बेन" म्हणत, की ऐकणाऱ्याच्या पाठीतून कळ जावी. तेव्हा मी देवाला म्हणायची, मला आयुष्यभर गाढवीण ठेव, पण हिची बेन करू नकोस.

शिकवण्याची रीतही त्यांचीच. पहिले कितीतरी महिने चाकू दाखवलासुद्धा नाही. कुंड्या भर. तांबडी माती, कुजलेलं शेणखत, थोडी वाळू. मुठीत दाबल्यावर माती लाडवासारखी वळली पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर सुटली पाहिजे. माझे लाडू एक तर वळत नसत, नाही तर वळले की दगड होत. मग केळीची सोपटं भिजवून त्यांचे बंद सोलायचे. मग वाळक्या काटक्यांवर चाकू चालवायचा. तासलेल्या जागेवर बोट लावायचं नाही. दोन्ही तास एका लांबीचे हवेत. कापायचं तर गाठीला लागून, स्वच्छ, एका झटक्यात. माझा झटका तीन-चार झटक्यांचा असे आणि तरी वर बोटभर खुंट राहायचा.

"हे काय? घोड्याला बांधायला खुंटी ठेवली?" काकी विचारायच्या.

पण मनातून मी कधीच शिकाऊ नव्हते. मॅट्रिक होते ना! शेतकीवरचं एक पातळ पुस्तक कुठूनसं मिळवून निम्मं वाचलं होतं आणि उरलेलं निम्मं मला येतंच असं धरून चालले होते. वाडीवर कोणी आलं की मी पदराला हात पुसत पुढे व्हायची आणि "शास्त्रीय पद्धतीने" हा शब्द वापरायची. स्टेशनवर कोणी विचारलं तर सांगायची, "मी नर्सरी बघते." बघतच होते म्हणा. त्याहून जास्त काही येत नव्हतं.

अक्षय तृतीयेच्या सुमाराला काकींनी एका झाडावर पंधरा-सोळा कलमं बांधली, फार जपून. बांधताना सांगितलंही, की ही विकायची नाहीत. त्यांच्या शेजारची एक मुलगी तलासरीच्या पलीकडे डोंगराकडच्या गावात दिली होती. भात-नागली करणारं घर. मुलगी नरपडच्या चिकूत वाढलेली, तिकडे गेल्यावर तिला अंगण ओकंओकं वाटे. लग्नात काकींनी मांडवात, चार लोकांत उभं राहून आहेर कबूल केला होता, "हिच्या दारात मी चिकूची वाडी उभी करून देईन." आज देते, उद्या देते करत तीन पावसाळे गेले. सासरी थट्टा सुरू झाली. शेवटी त्या वर्षी सासऱ्याने विहिरीजवळचा एक तुकडा सुनेला दिला, पण अट घालून. दिवाळीनंतर तिथे वाल पेरायचा असतो. तोवर चिकू धरले तर तुकडा तिचा, नाही तर वालाचा.

हे सगळं मला काकींनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी वेगळं काही केलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

आषाढ सरताना कलमं आईपासून तोडून झाली. कुंड्या सावलीत आल्या. आणि पुढे श्रावणात, रायणीची डोकी छाटायच्या वेळेला, काकींच्या मुलीचं बाळंतपण आलं. त्या वलसाडकडे निघाल्या. बसमध्ये चढता चढता मला बजावून गेल्या.

"दीकरी, गाठीवरचं रायणीचं डोकं छाट. पान बघून छाट. तलासरीची गाडी येईल, तिला दे. दुसरं काही डोकं चालवू नको."

रायणीच्या पानाला टोकाशी बारीक खाच असते, चिकूच्या नसते. हे मला पाठ होतं. कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. फक्त त्या दुपारी मी पानांकडे बघितलं नाही. मी बघितलं ते एवढंच, की प्रत्येक कुंडीत एक डोकं ताठ, चकचकीत, हिरवंगार आहे आणि दुसरं मलूल, पानं खाली टाकून उभं आहे. चिकू बिचारा आईपासून नुकता तुटलेला, तो ताठ कसा राहणार? पण मी रेल्वे क्वार्टरमधली मुलगी. आमच्याकडे कोथिंबीर निवडतात तसं मी कलम निवडलं. सुकलेलं काढलं, टवटवीत ठेवलं. काकींनी सांगितलेलं "रायण" मी ऐकलं होतंच, पण इतकं मरगळलेलं डोकं चिकूचं असेल आणि काकी ते ठेवायला सांगतील, हे माझ्या शास्त्रीय पद्धतीत बसेना.

तिसऱ्या दिवशी बैलगाडी आली. हाकायला त्या मुलीचा नवरा, अबोल माणूस. पावसाची भुरभुर होती म्हणून कुंड्यांवर गोणपाट टाकलं. गोणपाट टाकता टाकता मी त्याला व्याख्यान दिलं. खड्डा किती खोल, पाणी कधी, शेण किती, वारा कुठून. तो म्हणाला, "बरं." मी आणखी सांगितलं. तो म्हणाला, "बरं." त्याला अंधार पडायच्या आत वाटेतलं रानशेत गाव गाठायचं होतं, तिथे पाहुण्यांकडे मुक्काम होता. मी गाडीच्या मागे मागे चालत फाट्यापर्यंत सांगत गेले.

काकी परतल्या त्या हसतमुख. नातू झाला होता. हातातली पिशवी खाली ठेवली, पाणी मागितलं आणि मी पाणी आणेपर्यंत त्यांची नजर खताच्या खड्ड्याकडे गेली. काठावर माझ्या पराक्रमाचा ढीग पडला होता.

"बेन," काकी म्हणाल्या, "हे काय आहे?"

मी तांब्या पुढे केला. "रायणीची डोकी. छाटली ना, तुम्ही सांगितल्याप्रमाणे."

त्यांनी एक डहाळी उचलून माझ्या हातात दिली. "खाच दाखव, बेन."

मी पान पाहिलं. दुसरं पाहिलं. मग खाली बसून ढिगातलं एकेक पान उचलत राहिले, जणू कुठल्या तरी पानाला माझी दया येऊन खाच पडेल.

काकी ओरडल्या नाहीत, आणि मी घाबरले ते त्यानेच. एक पालथी कुंडी ओढून तिच्यावर बसल्या, तपकिरीची डबी काढली आणि न ओढताच परत ठेवली. मग ती लग्नातली गोष्ट सांगितली, मांडवातला शब्द, विहिरीजवळचा तुकडा, वालाची अट.

"तिकडे रानात पावलापावलावर रायण आहे, बेन. फुकटची. तू माझ्या नावाने बैलगाडीत घालून, गोणपाट पांघरून, तिच्या सासरी त्यांच्याच रानातली झाडं पाठवलीस."

मी रडायला लागले. त्यांनी ते पुरतं होऊ दिलं नाही.

"डोळे पूस. गाठीच्या वर चिकूचं किती राहिलं?"

मी बोट दाखवलं.

"मी काय सांगितलं होतं? लागून काप."

"मला जमत नाही अजून लागून. तो खुंट राहतोच माझा."

काकींनी चष्मा कपाळावर सरकवला. मग आकाशाकडे बघून हात जोडले. "परमेश्वरा, हिला कापता येत नाही हे बरं केलंस."

त्या खुंटावर दोन-तीन डोळे, म्हणजे अंकुर फुटायच्या जागा, असू शकत होते. आता रायणीचं डोकं उडवलं, खालून येणारी रायणीची फूट नखाने खुडत राहिलं, तर जीव त्या खुंटात जाईल आणि चिकू फुटेल. फुटेल किंवा नाही. माझ्या चुकीतलं तेवढं एक ढिसाळ काम उपयोगी पडणार होतं.

"दर सोमवारी तिकडे जायचं, बेन. तू छाटलंस, तूच खुडायचं. तोवर इथे यायचं नाही. कुंडीला हात लावायचा नाही. फुटली तर वाडीवर ये. नाही फुटली तर परतताना स्टेशनावर उतर आणि तशीच आईकडे जा."

असे माझ्या आयुष्यात सोमवार आले. एरवी मी श्रावणी सोमवारचा एक उपासही कधी धड पुरा केला नव्हता.

पहिल्या सोमवारी एस.टी.ने तलासरी आणि तिथून पुढे बांधांवरून चिखल तुडवत गेले. मनात भाषण तयार होतं. ओट्यावर त्या घरची म्हातारी सासू वरई पाखडत बसली होती.

"कोनाची गं तू?"

"मी... नरपडहून आले. काकींच्या नर्सरीतून."

सूप थांबलं. "म्हंजे ती तूच! ये बाय, ये. आहेर बघायला आलीस?" आणि आतल्या बाजूला हाक, "सूनबाय, बघ गो! तुझ्या माहेराहून बाय आली. आमचंच रान आमाला द्यायला."

सून बाहेर आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मी मनात तिला वहिनी म्हणून टाकलं आणि पदर सावरत पुढे झाले. म्हातारीने मात्र सोडलं नाही.

"आमाला कळलंच नसतं म्हंतेस? अगो, आमच्या शेळीनं एक चाखून बघितलं. तिलापन पटलं, रायनच हाय म्हून!"

मी भाषणाला सुरुवात केली, "आजी, त्याचं असं आहे, शास्त्रीय पद्धतीने..." आणि बांधावरून आणलेल्या चिखलाने माझा पाय घसरून मी ओट्यासमोर बसकण मारली. भाषण तिथेच राहिलं. म्हातारी इतकी हसली, की सुपातली वरई सांडली.

वहिनी हसली नाही. मला उठवलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि विहिरीकडे घेऊन गेली. तुकड्यात कलमं ओळीने लावलेली होती, आळी केलेली, प्रत्येकाला काठीचा आधार.

"तुम्हाला दिसलं नाही, ही रायण आहे म्हणून?" मी विचारलं.

"गोणपाट उचललं तेव्हाच दिसलं."

"मग लावली कशाला?"

"सगळी घरातली उभी होती बघायला. परत गाडीत ठेवली असती, तर हसायला सगळी टपलेलीच होती." तिने एका पानावरचा चिखल अंगठ्याने पुसला. "पुढल्या वर्षी दुसरी आणून देईन असं मात्र म्हणू नका. पुढल्या वर्षी इथे वाल असेल."

मी चाकू काढला. ती बाजूला उभी राहिली आणि मी एकेका रायणीचं ताठ डोकं उडवत गेले. या वेळी पान बघून, खाचेवरून बोट फिरवून. थोडी खालची पानं ठेवली, जखमेवर शेणमाती लावली. आणि का कोण जाणे, काप लागून, स्वच्छ येत होते. काकींसमोर कधी जमलं नव्हतं ते आता जमत होतं! शेवटच्या रोपापाशी आले तर म्हातारी काठी टेकत हजर.

"एवढी एक ऱ्हाऊ दे."

"पण आजी, हिलाही..."

"ऱ्हाऊ दे म्हंते ना. तुझं काय फुटलं नाय, तं इथे कायतरी हिरवं दिसल."

दुपारी नागलीची भाकर आणि सुकटीचं कालवण वाढलं. सुकट धाकट्या डहाणूच्या बंदरावरची, वहिनीच्या माहेरच्यांनी पाठवलेली. मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसले. म्हातारी म्हणाली, "खा गो. उपाशी पोटी उद्या आनखी कोनाची डोकी कापशील."

मग हेच चालू राहिलं. एकदा सोमवार उगवला की एस.टी.चा कंडक्टर मला बघून म्हणायचा, "काय, आज कुणाचा नंबर?" त्याला कोणी सांगितलं देव जाणे. डहाणू-तलासरी मार्गावर माझी कीर्ती माझ्या आधी पोहोचत होती. मधले दिवस मी क्वार्टरमध्ये बसून पोपट भरत होते. आई रोज हिरव्या दोऱ्याची नवी गुंडी माझ्यासमोर ठेवायची. अण्णांनी एकदा विचारलं, "काकी येत नाहीत हल्ली भांडायला. बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "आहेत." आणि पोपटाचा दुसरा डोळा पहिल्यापासून फार लांब टाचला.

तिकडे विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्या बायका थांबून विचारायच्या, "आहेर फुटला का गो?" वहिनी घागर उचलत म्हणायची, "फुटेल." दर सोमवारी "फुटेल", पण आवाज एकेक सोमवारी बारीक होत चाललेला. रायणीला खालून डोळे येत, ते मी खुडत होते. चिकूचा खुंट तसाच, काळपट, मुका. गौरी आल्या, गेल्या. भात निसवायला लागलं. सासऱ्याने वालाचं बियाणं उन्हात घातलेलं मी येता-जाता पाहिलं. बांधावर बसून मी खुंटांकडे अशी टक लावून बघायची, की म्हातारी म्हणाली, "बाय, अशी नजर लावू नको. लाजून फुटायचं नाय ते."

पितृपक्ष संपत आला होता त्या सोमवारी मी पोहोचले, तर ओट्यावर कोणी नाही. विहिरीकडे गेले. वहिनी तुकड्यात उकिडवी बसलेली, आणि दोन रोपांवर डालगी उलटी घातलेली.

"कोंबड्या चोचा मारतात म्हणून झाकली," ती हळूच म्हणाली. "गुरुवारपासून आहे. कोणाला सांगितलं नाही. आधी तुम्ही बघा. मला भीती वाटते, रायणच असेल."

तिने डालगं उचललं. माझ्या त्या ओबडधोबड खुंटाच्या कडेला तांबूस, चिमटीएवढी फूट आली होती. मी मातीत आडवी पडून पाहिलं. फूट गाठीच्या वरची होती. खुंटातली होती. पान अजून मिटलेलं, तरी मी खाचेची वाट बघायची ठरवली, कारण आता माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. पण दुसऱ्या रोपावरचं एक पान उलगडलं होतं. टोक पूर्ण होतं.

"चिकू," मी म्हणाले.

वहिनीने परत विचारलं, "नक्की?"

"नक्की. आणि हे बघा, इथेही डोळा फुगलाय. आणि इथे."

त्यावर ती रडली-बिडली नाही. उठली, पदर खोचला, विहिरीवर दोन बायका पाणी शेंदत होत्या त्यांच्याकडे वळली आणि नरपडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घागरी ठेवा गो खाली! आहेर बघायला या!"

बायका आल्या, पोरं आली, सासरा आला. त्याने वाकून एकेक फूट पाहिली. जाताना उन्हात घातलेला वाल पोत्यात भरायला लागला, आणि तो दुसऱ्या शेताकडे नेऊन ठेवला हे सगळ्यांनी पाहिलं. तीन-चार रोपं पुढेही फुटली नाहीत, एक शेळीने खाल्लंच होतं. बाकीच्यांनी जीव धरला.

मी चाकू काढून म्हातारीच्या रायणीकडे वळले. "आजी, आता हिचंही डोकं उडवते. हिच्यातही चिकू येईल."

"खबरदार हात लावशील!" म्हातारीने काठी आडवी घातली. "चिकू काय, नरपडला सगल्यांच्या दारात. कलमाची रायन हाय कोनाच्या दारात? माझ्या!"

परतीच्या गाडीत मी कंडक्टरला न विचारता सांगितलं, "फुटली." त्याने घंटीची दोरी दोनदा ओढली, ड्रायव्हरने मागे वळून शिवी दिली. स्टेशन आलं. मी उतरले नाही. पुढच्या गाडीने तशीच, चिखलाच्या पायांनी, नरपडला गेले.

काकी मांडवाखाली होत्या, मातीच्या ढिगापाशी. मला फाटकात बघून उठल्या नाहीत.

"फुटली," मी तिथूनच म्हणाले. "दोन उघडली. बाकीच्यांचे डोळे फुगलेत. सासऱ्यांनी वाल उचलला."

"गाठीच्या वर की खाली?"

"वर."

"पान?"

"खाच नाही. बोट फिरवून बघितलं."

काकींनी चष्म्यातून माझे दोन्ही हात पाहिले. "एक तरी पान आणायचं. मी कसं मानू?"

मी म्हणाले, "दोनच पानं आहेत हो काकी. खुडून कशी आणू?"

काकींनी हात लुगड्याला पुसले. डबी काढली, तपकिरीची चिमूट नाकाशी नेली, दणदणीत शिंकल्या, डोळे पुसले. शिंकेनेच पाणी आलं असणार, त्यांच्याबद्दल दुसरं काही म्हणायची माझी आजही छाती नाही. मग पायाने एक रिकामी कुंडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या,

"उभी काय राहिलीस, गधेडी? माती भर."